मी धरायलोय

परभणी जिल्ह्यात मी व्याख्यान द्यायला गेले होते आणि पुरावा होऊन परत आले. हे ऐकायला जरा जास्तच वाटतं, म्हणून सगळं क्रमानं सांगते. पुण्यात फौजदारी वकिली करता करता केस पांढरे झाले, त्यात क्रमानं सांगायची सवय तेवढी अंगात मुरली आहे.

निमित्त झालं बाबारावांचं. बाबाराव मानवतचे ज्येष्ठ वकील. लॉ कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ऐन थंडीत त्यांचा फोन आला. "सुनंदाताई, इकडच्या वकिलांना जरा मार्गदर्शन करा. नवे फौजदारी कायदे आणि वकिलीतलं करिअर, दोन्ही एकाच भाषणात बसवा. पोरं लय हुशार हायत, पण काळा कोट खुंटीला टांगून स्पर्धा परीक्षेच्या मागं लागायलीत." मी होकार दिला. भाषणाला नाव ठेवलं 'नवे कायदे, नवी क्षितिजं'. त्या बाजूला क्षितिजाची टंचाई नाही, हे गेल्यावर कळलं. मध्ये डोंगर नाही, उंच इमारत नाही. नजर जाईल तिथपर्यंत तूर, कापूस आणि काळी जमीन.

मानवत

मानवत रोड नावाचं स्टेशन मानवतला नाही. तिथून मानवतला रस्ता जातो, म्हणून ते मानवत रोड. नावात काही खोटं नाही, तक्रार करायला जागा नाही. सकाळी उतरले आणि बाबारावांना फोन लावला.

"गाडी यायलीय, ताई," ते म्हणाले.

मी बॅग उचलून बाहेर आले. गाडी नव्हती. परभणीच्या थंडीबद्दल पुण्यात कुणी बोलत नाही, कारण थंडीवर आपला मालकी हक्क आहे असं पुण्याला वाटतं. शाल बॅगेच्या तळाशी होती. पुन्हा फोन केला.

"अवो, यायलीय की!"

"आलीय तर मला दिसत का नाही?" मी आवाज चढवला. स्टेशनसमोरचा चहावाला हे सगळं ऐकत होता. त्यानं कप पुढं केला आणि म्हणाला, "म्याडम, यायलीय म्हणजे यायलीय. आल्यावर आली म्हणतेल."

मला ते तत्त्वज्ञान वाटलं. मी चहा प्यायले.

बाबारावांच्या घरी वहिनींनी विचारलं, "नाश्त्याला सुशीला हाय, चालंल ना?" मी म्हटलं, अवश्य, सोबत असलेली बरीच. मग मी खुर्चीत नीट सरसावून बसले, कारण अनोळखी बाईसमोर पसरून बसणं बरं दिसत नाही. थोड्या वेळानं वहिनी भिजवून फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांची बशी घेऊन आल्या, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. हीच सुशीला. चवीला उत्तम. आमच्याकडे पोह्यांना कुणाचं नाव दिलेलं नाही, हे मला पहिल्यांदाच उणं वाटलं.

कोर्टाकडे जाताना कापसाचे ट्रॅक्टर लागले, इतके भरलेले की मागून चाकं दिसत नव्हती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. बाबारावांचे अर्धे पक्षकार त्या दिवशी बाजार समितीत होते, त्यामुळे वकील मोकळे होते आणि माझ्या सभेला गर्दी झाली.

मी बोलायला उभी राहिले तोच दारातला एक वकील म्हणाला, "जजसाहेब यायलेत." मी व्यासपीठावरच नमस्काराला हात जोडले. पाहुणी उभी, हात जोडलेले, हे पाहून सगळी सभा उठून उभी राहिली आणि दाराकडे बघू लागली. दारात कुणी नव्हतं. आम्ही सगळे तसेच उभे राहिलो. साहेब बऱ्याच वेळानं आले आणि एवढा आदर पाहून संकोचले.

भाषण मी मन लावून केलं. खून पूर्वी तीनशे दोन होता, आता एकशे तीन. नव्या संहितेतलं तीनशे दोन म्हणजे शब्दांनी धार्मिक भावना दुखावणं. त्यामुळे 'तीनशे दोन लावीन' अशी धमकी यापुढे जपून द्यावी. फसवणूक चारशेवीस होती, आता तीनशे अठरा. चारशेविसावं कलम नव्या संहितेत नाहीच; ती तिथवर पोचतच नाही. जुने गुन्हे जुन्या कायद्यानं, नवे नव्यानं, म्हणजे वकिलाला दोन संसार. मोबाइलमधला पुरावा दाखल करायचा तर प्रमाणपत्रात आता हॅश, म्हणजे त्या फाइलचा आकडी ठसा, लिहावा लागतो. मागून एकानं विचारलं, "हॅश कुठं मिळतो?" प्रश्न योग्य होता. मी उत्तर लांबणीवर टाकलं.

"ताई," आभार मानताना बाबाराव म्हणाले, "कायद्यातून चारशेवीस गेला, पण गावातून जायला तयार न्हाई. 'त्यो माणूस तीनशे अठरा हाय' म्हणलं तर लोक इचारतात, ही कुठली बस?"

करिअरचा भाग मी शेवटी ठेवला होता. इंग्रजी सुधारा, एखाद्या विषयात खोल उतरा, कंपन्यांची कामं घ्या, मोठ्या शहराची भीती बाळगू नका. टाळ्या झाल्या. उतरताना एक म्हातारे वकील मला समजावून म्हणाले, "म्याडम, आमच्याकडं करिअर मार्गदर्शन एका ओळीत हाय. बनी तो बनी, नही तो परभणी." म्हणजे बाहेर जमलं तर जमलं, नाही तर परभणी आहेच. माझ्या भाषणाचा सारांश तोच होता, फक्त मी त्याला दुपार लावली.

पालम

दुसऱ्या दिवशी बाबारावांची तारीख होती, म्हणून पालमला मी एकटी एसटीनं गेले. वाटेत गोदावरी लागली. बसमधल्या बायकांनी खिडकीतून हात जोडले, मीही जोडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुण्या गावच्या? पोरीकडं जायलात का?" मी म्हटलं, वकिलांना मार्गदर्शन करायला चाललेय. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या भावाच्या वाटणीचा दावा गंगाखेड येईपर्यंत सांगितला.

पालमच्या स्टँडवर प्रज्ञा आली होती. पालमची तरुण वकील, कोट हातावर, पायात धुळीनं माखलेल्या चपला. तिथल्या वकील मंडळींनी पाहुणीची जबाबदारी तिच्यावर टाकली होती, कारण बाकीच्यांपैकी निम्मे हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. सभेला आलेले सगळे एका बाकावर बसले आणि तरी बाक उरला. मी क्षितिजं काढली. प्रज्ञानं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्याडम, क्षितिजं नंतर बघू का? उद्या परभणीला माझा जामीन हाय."

वकील पक्षकाराचा जामीन स्वतःचाच म्हणतात, पुण्यातही म्हणतात. पण तिच्या तोंडावरून वाटलं, ही बाई खरंच आत आहे.

जेवायला तिच्या घरी गेलो. वडील निवृत्त शिक्षक. बैठकीच्या भिंतीवर निळ्या कोटातले बॅरिस्टर, ज्यांचं नाव सांगायची गरज नाही. त्यांच्याखाली प्रज्ञाची सनद, त्याच मापाच्या चौकटीत. आणि खुर्चीच्या अगदी कडेवर, कधीही उठावं लागेल अशी, एक बाई बसली होती. ती सुमनबाई. तिचा नवरा काशिनाथ परभणीच्या तुरुंगात होता.

गावाचं नाव सांगत नाही, प्रकरण अजून चालू आहे. काशिनाथचा चुलतभाऊ विठ्ठल आणि शेजारी मारोती यांचं बांधावरून भांडण झालं. विठ्ठलनं लोखंडी गज मारोतीच्या डोक्यात घातला. मारोती वाचला, पण त्याला एवढंच आठवतं की अंगावर दोघं होते. दुसरा काशिनाथ. सुमनचं म्हणणं, तो सोडवायला धावला. पोलिसांचं म्हणणं, दोघं ठरवून आले. एक मारणार, एक धरणार. खुनाचा प्रयत्न, कलम एकशे नऊ, दोघांवर सारखं.

"तवा ह्यांनी मला फोन केल्ता," सुमन म्हणाली. "माझ्या फोनात समदं बोलणं आपोआप भरतंय. मीच नेऊन दिला तो ठाण्यात. म्हणलं हे ऐका, मंग सोडतेल ह्यांना. मीच दिला वो म्याडम. माझ्या हातानं."

त्याच फोनमधल्या बोलण्याचा टाइप केलेला उतारा आता दोषारोपपत्राला जोडलेला होता. टायपिंग कुठल्या तरी बाहेरगावच्या माणसाकडून झालं होतं. उतारा असा होता: 'विठ्ठल मारायला आला आहे, मी धरायला आलो आहे.' एवढ्यावर काशिनाथ आत बसला होता, आणि खटला उभा राहीपर्यंत बसणार होता.

"टायपिंगची चूक हाय," प्रज्ञा म्हणाली. "उद्या कोर्टात आवाजच वाजवते. ऐकलं की साहेबांना कळंलच. जज कोकणातले हायत, पण मराठीच हायत की."

तिनं लॅपटॉप उघडला. पानात भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा होता. मी घास हातात धरून, डोळे मिटून, अनुभवी माणसानं ऐकावं तसं ऐकलं. धापा, आरडाओरडा, आणि त्यात एक घाबरलेला आवाज: "लवकर माणसं घिऊन ये, इठ्ठल मारायलाय, मी धरायलोय, पळ!"

मी डोळे उघडले. सुमनसमोर बोलायचं जिवावर आलं, पण खोटा धीर देणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार. "प्रज्ञा, हे कोर्टात वाजवू नकोस," मी म्हटलं. "उतारा बरोबर आहे."

सुमननं पदर तोंडाला लावला.

"तुमाला काय ऐकू आलं म्याडम?" प्रज्ञानं विचारलं. "तसंच्या तसं सांगा."

"विठ्ठल मारायला आलाय, मी धरायला आलोय."

"त्यात 'आलाय' कुठून आला?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या पानाकडे पाहत होती.

"तुमी आत्ता काय करायलात?"

"मी? भाकरी खातेय."

"म्हणजे तुमी भाकरी खायलात."

"मी भाकरी खायला आलेले नाही," मी म्हटलं, "म्हणजे आलेय, पण..." आणि तिथं मी थांबले. मला मानवत रोडचं स्टेशन दिसलं, न आलेली गाडी दिसली, रिकाम्या दाराला नमस्कार करणारी सभा दिसली. यायलीय म्हणजे येतेय. मारायलाय म्हणजे मारतोय. धरायलोय म्हणजे धरतोय. माणूस मारामारीच्या मध्ये उभा राहून, दम लागलेल्या आवाजात, आत्ता या क्षणी काय चाललंय ते बायकोला सांगत होता. आणि आमच्यासारख्या कुणाच्या तरी कानानं त्याला घरून ठरवून आलेला केलं होतं.

मला खरोखर भीती वाटली. वकील म्हणून मी किती जबाब वाचले असतील, आणि त्यातली किती माणसं नुसती करत असताना मी त्यांना करायला आलेली धरली असतील, कुणास ठाऊक.

प्रज्ञाची भीती वेगळी होती. ती उठून उभी राहिली होती. "म्हणजे उद्या मी आवाज वाजवला असता," ती म्हणाली, "तर साहेबांनाबी असंच ऐकू आलं असतं. आणि मी खाली बसले असते. काम झालं म्हणून."

आतून तिचे वडील आमटीचं भांडं घेऊन आले होते. ते म्हणाले, "शाळेत मी पोरांचं 'करायलाय' लाल शाईनं खोडायचो. खोडताना अर्थ तरी मला ठावूक होता." मग मला वाढत म्हणाले, "घ्या म्याडम, तुमी काहीच खायला न्हाईत."

मी खाल्लं. ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं, ते बरं झालं.

परभणी

सत्र न्यायालयातले न्यायाधीश सौम्य होते. कोकणातला माणूस थंडीला सरावत नाही. त्यांनी झग्याच्या आत स्वेटर घातला होता. सरकारी वकील परभणीचेच, गळ्यात मफलर. मी मागच्या बाकावर सुमनबाईच्या शेजारी बसले. तिनं माझा हात धरला तो सोडला नाही.

प्रज्ञानं आवाज वाजवला. न्यायाधीशांनी उतारा समोर धरून ऐकला, बोटानं ओळ तपासली आणि म्हणाले, "उताऱ्यात आहे तेच म्हणतोय की."

"होय साहेब, तुम्हाला तसंच ऐकू येणार," प्रज्ञा म्हणाली. "काल पुण्याच्या एका ज्येष्ठ वकील मॅडमनाही नेमकं तसंच ऐकू आलं. त्या इथं हजर आहेत."

तिनं माझ्याकडे हात केला. मी उभी राहिले. इतकी वर्षं मी कोर्टात काठ्या, कोयते, मोबाइल आणि एकदा एक बोकड मुद्देमाल म्हणून दाखल होताना पाहिला आहे. स्वतः मुद्देमाल व्हायची ही पहिलीच वेळ.

"आपण काय ऐकलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"साहेबांनी ऐकलं तेच."

"मग त्यात चूक काय?"

"चूक आपल्या दोघांच्या कानात आहे, साहेब," मी म्हटलं. भर कोर्टात न्यायाधीशांना असं सांगावं की नाही, यावर माझ्या करिअर मार्गदर्शनात काही नव्हतं.

प्रज्ञानं क्रियापद समजावलं. न्यायाधीश ऐकत होते, पण चेहरा पटलेला नव्हता. आरोपीच्या वकिलानं व्याकरण सांगावं आणि कोर्टानं माणूस सोडावा, एवढं सोपं कुठं असतं? तेवढ्यात दारातला शिपाई आत डोकावून म्हणाला, "साहेब, पुढच्या अर्जातले वकील यायलेत."

न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"कुठं आहेत?"

"यायलेत साहेब. जिन्यात हायत."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी शिपायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रिकाम्या दाराकडे. "माझ्याकडे सकाळी सांगतात, पाणी यायलंय," ते सावकाश म्हणाले. "मी बादली लावून बघतो तर नळ कोरडा." मग सरकारी वकिलांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही इथलेच ना? धरायलोय म्हणजे काय?"

सरकारी वकील बराच वेळ मफलर नीट करत राहिले. सुमनची बोटं माझ्या मनगटात रुतली. त्या माणसाला 'सांगता येत नाही' म्हणायला काहीच हरकत नव्हती. काशिनाथचा जामीन त्या मफलरमध्ये अडकला होता.

"धरतोय, साहेब," ते म्हणाले. "धरायला आलोय असा अर्थ होत न्हाई. माझी आईबी असंच बोलती." मग ते जोडून म्हणाले, "पण कुणाला धरत होता, ते यात न्हाई."

"लवकर माणसं घेऊन ये, हे त्यातच आहे साहेब," प्रज्ञा म्हणाली. "ठरवून मारायला आलेला माणूस गाव गोळा करत नाही."

दुपारनंतर आदेश झाला. जामीन मंजूर, साक्षीदारांना भेटू नये वगैरे नेहमीच्या अटी, आणि उतारा इथली बोली जाणणाऱ्या माणसाकडून नव्यानं करून घ्यावा. सुमनबाईला आदेशाचं इंग्रजी कळलं नाही. प्रज्ञानं कानात सांगितल्यावर ती खाली बसली आणि जोरात रडली, आणि शिपायानं तिला गप्प केलं नाही.

कागद तुरुंगात पोचायला उशीर झाला. सुटका दुसऱ्या दिवसावर गेली. मला गाडी होती. प्रज्ञा स्टेशनवर सोडायला आली. माझ्या ऑफिसातली एक खुर्ची इकडच्या कुणा हुशार वकिलाला द्यायची, हे पुण्यातून निघतानाच ठरवून ठेवलं होतं. आणलेलं परत कसं न्यायचं, म्हणून तिला विचारलं.

"बघू म्याडम," ती हसून म्हणाली. "बनी तो बनी."

"आणि नाही तर?"

"न्हाई तर परभणी हायच की," ती म्हणाली आणि माझी बॅग डब्यात चढवली.

दुसऱ्या दिवशी पुण्यात एका बिल्डर पक्षकाराशी बोलत असताना फोन वाजला. प्रज्ञाचा नंबर होता, आवाज सुमनबाईचा. "म्याडम, ते सुटले. घरी यायलेत."

"यायलेत? बरं," मी म्हटलं आणि फोन टेबलावर ठेवला.

"कोण आलंय?" बिल्डरनं विचारलं.

"कुणी आलेलं नाही. यायलंय."

त्याला ते कळलं नाही, आणि मीही समजावलं नाही. तो जमिनीबद्दल बोलत राहिला. मी हो म्हणत होते, पण लक्ष फोनकडे होतं. गोदावरी गेली असेल, बसमधल्या बायकांनी हात जोडले असतील, गंगाखेड गेलं असेल. दुपार कलली. बिल्डर तिसऱ्यांदा सर्व्हे नंबर सांगत होता तेव्हा फोन पुन्हा वाजला. मागे माणसांचा गलका होता, कुत्रं भुंकत होतं, आणि सुमनबाई नुसतं एवढंच म्हणाली, "आले."